गुरुजींचा ठोक भाव

त्या दिवसांत दिवेलागण झाली की घराघरांतून एकच हाक ऐकू यायची, "अवो, तो लाइट बंद करा, कायले फुकटचा जाळता?" आमच्या रिसोडच्या गल्लीत मात्र एक गृहस्थ असे होते, की ते उंबऱ्यात उभे राहून नेमकं उलटं ओरडायचे.

"लावा! तोही लावा! अजून एक लावा!"

हे सूर्यभान गुरुजी. नावातच सूर्य, तेव्हा अंधाराशी त्यांचं जमणं कठीणच होतं. चौथीच्या पोरांना सगळा जन्म गणित शिकवून निवृत्त झालेले. अंगात हातशिलाईची बंडी, डोक्यावर टोपी, आणि बोलताना उजव्या हाताची दोन बोटं अशी हवेत, की जणू खडू धरलाय. मी लग्न होऊन केनवडहून रिसोडला आले, तेव्हा आमच्या घरात दोन दिवे होते आणि दोन्ही एका वेळी लावायची कुणाची छाती नव्हती. समोर गुरुजींच्या घरात मात्र छताला पंखा, टेबलावर पंखा, रेडिओ, इस्त्री, आणि ओट्यावर असा एक दिवा, की त्याच्या उजेडात आमच्या घरातले तांदूळ निवडता यावेत.

माझी त्यांची ओळख एका शर्टावरून झाली. पितळी तांब्यात निखारे घालून मी आमच्या ह्यांचा शर्ट दाबत बसले होते. समोरून हाक आली.

"सूनबाई! तांब्यानं शर्ट दाबून राह्यली? इकडे इस्त्री तापून वाया चालली न् तू इंगळ फुकून राह्यली?"

मी पदर सावरून उभी राहिले. नव्या सुनेनं समोरच्या घरी जावं की नाही, ते कळेना. माझ्या सासूबाई गीताबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची; त्या आतूनच म्हणाल्या, "जाय. नाई तर ते इस्त्री घेऊन इकडे येतीन."

गेले. शर्ट झाला. "लुगडं आन," गुरुजी म्हणाले. लुगडं झालं. "उशीचे अभ्रे नाईत का घरात?" अभ्रे झाले. मग पडदे. शेवटी इस्त्री करण्याजोगं घरात काही उरलं नाही, तेव्हा गुरुजींचा चेहरा पडला. "इतकेच कपडे हाय तुमच्या घरी?"

मी न राहवून विचारलं, "गुरुजी, पण बिल नाही येणार?"

या एका प्रश्नाची ते वाटच पाहत असावेत. दोन बोटं हवेत गेली.

"माह्यी माय रिसोडच्या बाजारात वांगे इके. आमचा मळाच होता, गावाच्या शिवंले. पावभर वांगे घेनाऱ्याले ते एक भाव सांगे, न् सारी टोपली उचलनाऱ्याले दुसरा. टोपलीवाल्याले वरून मूठभर मिरच्याही टाके. काहून? पावभरवाला किरकोळ, टोपलीवाला ठोक. आता इजेचं तसंच हाय. महिन्याचे पहिले युनिट महाग. तितले जाळून झाले का पुढच्या युनिटचा भाव उतरते. म्हन्जे महिना लागला का आपन सारे किरकोळ. पन जाळत राह्यलं, जाळत राह्यलं, का आपला मीटर ठोकात जाते!"

'ठोकात जाणं' हा गुरुजींच्या शब्दकोशातला मोक्ष होता. महिनाअखेरीला ते स्टुलावर चढून मीटरच्या चाकाशी डोळा लावायचे, आणि आकडा मनासारखा सरकला की खाली उतरून गल्लीभर सांगत सुटायचे, "गेला! ठोकात गेला!" मग सगळ्यांना गूळ-शेंगदाणे. एखाद्याच्या घरी नातू झाला तरी इतकं तोंड गोड होत नसे.

आत्याबाईंना हे अजिबात पटत नसे. त्यांना शाळा माहीत नव्हती, पण बाजार माहीत होता.

"गुरुजी, भाव उतरला तरी बिल चढतेच ना?"

"वयनी, तुमी बिल पाहता. मी भाव पाहतो."

"भाव खाऊन पोट भरते का?"

"भावाची गंमत तुमाले नाई समजाची!"

घरात आल्यावर आत्याबाई म्हणायच्या, "जन्मभर पोट्ट्यायले गनित शिकोलं म्हनते हे. बरं झालं, आपला पोरगा दुसऱ्या मास्तरच्या वर्गात होता."

पण एकट्या माणसाचा मीटर ठोकात जाणार कसा? एक दिवा, एक पंखा आणि सकाळच्या बातम्या एवढ्यावर तो महिनाभर किरकोळातच लोळत राहिला असता. म्हणून गुरुजींना माणसं लागत. शिवणकाम करणाऱ्या शांताबाईला त्यांनी मशीनसकट आपल्या ओसरीत आणून बसवलं. "तुह्या घरच्या बारक्या दिव्यानं डोळे जातीन. अठी बस, माह्या दिव्याखाली." तिच्यामागे तिच्या गिऱ्हाइकणी आल्या. त्यांच्यामागे त्यांच्या पापडांच्या परड्या पंख्याखाली वाळायला आल्या. रेडिओवर बाजारभाव सुरू झाले की शेलूबाजारकडून माल भरून आलेले जीपवालेही ओट्याला टेकत. गुरुजींची सगळ्यांना एकच अट असे, "बसा, पन करंट घेऊन बसा."

गल्लीत बळीरामबुवा म्हणून एक म्हातारे होते. ते एकदा ऐन थंडीत घोंगडी पांघरून ओट्यावर नुसतेच टेकले. गुरुजींनी लगबगीनं टेबलफॅन त्यांच्याकडे वळवला.

"नाई पाह्यजे गुरुजी, थंडी हाय."

"थंडी तुमाले हाय. मीटरले नाई!"

आणि बुवा घोंगडी कानापर्यंत ओढून पंख्याच्या वाऱ्यात कुडकुडत गप्पा मारत बसले. उठून गेले नाहीत, हेही सांगायला हवं. गुरुजींच्या ओट्यावरून सहसा कुणी उठून जात नसे. शांताबाईचं मशीन खडखडतंय, कुणाच्या परडीतला पापड उडालाय आणि तो पकडायला दोघी धावतायत, रेडिओवर तुरीचा भाव सांगतायत, आणि मधोमध गुरुजी, लग्नघरातल्या यजमानासारखे. सगळ्या गल्लीचा उजेड त्या एका घरात साठलेला असायचा.

मीटर वाचायला वानखडे यायचा. गुरुजींचाच विद्यार्थी. बापानं दुसऱ्याच्या शेतात राबून त्याला शिकवलं होतं, आणि त्याच्या घरातली ही पहिली नोकरी. पँट-शर्ट, हातात टॉर्च, पण गुरुजींसमोर अजूनही चौथीतल्यासारखा हात मागे बांधून उभा राहायचा. एका दुपारी तो आला, आकडा टिपला, पण निघेना.

"काय रे, काय झालं?"

"गुरुजी, दर बदलला."

"वाढला? वाढू दे. ठोकात जाऊन भरून काढू."

"वाढला नाई गुरुजी. उलटा झाला." वानखडे चाचरत म्हणाला. "आता पहिले युनिट सस्ते. जितलं जास्त जाळान, तितला पुढचा भाव महाग. इज कमी पडून राह्यली म्हन्ते. जपून वापरा म्हन्ते."

शांताबाईचं मशीन थांबलं. आम्ही सगळ्या गुरुजींकडे पाहू लागलो. दोन बोटं वर गेली आणि हवेतच राहिली.

"म्हन्जे पावभरवाल्याले सस्त, न् टोपलीवाल्याले महाग?"

"हो."

"असा बाजार कोठी असते?"

गुरुजींनी भिंतीवरच्या मीटरकडे पाहिलं. मग एकदम म्हणाले, "वानखडे, तुह्या मायच्या घरी किती दिवे हायेत?"

"एकच हाय गुरुजी."

"म्हन्जे आजवर तिचा तो एक दिवा सगळ्यात महाग भावानं जळे. न् माह्या घरचा पंखा सस्त्यात फिरे."

"हो गुरुजी."

गुरुजींनी टोपी काढली, टकलावरून हात फिरवला, टोपी परत घातली. "मंग हे आधीच कराले पाह्यजे होतं. बरोबर हाय. तुह्या मायले सांग, 'बरोबर हाय' असं मास्तर म्हन्ले." आणि स्वतः उठून त्यांनी छताचा पंखा बंद केला. पाती सावकाश थांबली.

त्यानंतर जे झालं ते सगळं चांगुलपणातून झालं, म्हणून तर ते जास्त वाईट. शांताबाईनं मशीन उचललं. "नाई गुरुजी, तुमचा भाव चढन." पापडांच्या परड्या आपापल्या छपरांवर गेल्या. जीपवाले हॉटेलच्या बाकावर टेकू लागले. बळीरामबुवा रस्त्यातूनच हात जोडून पुढे जाऊ लागले. प्रत्येकाला गुरुजींची काळजी होती, आणि त्या काळजीनं त्यांचं घर आठवडाभरात रिकामं केलं.

दार मात्र उघडंच असायचं. दारात खुर्ची, खुर्चीत गुरुजी. ज्या माणसाच्या हाकेनं गल्ली दणाणायची, त्याला हाक मारायला आता काही कारणच उरलं नव्हतं. एकदा मी पाण्याची घागर घेऊन चालले होते. "सूनबाई, इस्त्री..." एवढं म्हणून ते थांबले. "नाई, काई नाई. जाय तू."

घरी येऊन मी आत्याबाईंना म्हटलं, "गुरुजींना या दराचं फारच लागलंय. किती चुकीचा का असेना, त्यांचा हिशोब होता तो."

आत्याबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुले काय वाटते, त्याइले गनित येत नाई?"

मी त्यांच्यासमोर बसले.

"त्याइची बायको अनुसयाबाई होती तवा घर असं भरेल राहे, का चपला ओलांडून आत जा लागे. तिची हासनी आपल्या चुलीपाशी आयकू ये. ते गेली. पोरगा भिलाईले घेऊन गेला याइले, पन तठी मन लागलं नाई, वापस आले. मंग चार महिने दार लावून बसेल होते. मानूस कधी म्हन्ते का, 'या हो, मले एकटं वाटून राह्यलं.' असं कोन म्हन्ते? तुहा नवरा म्हनन? नाई म्हनत. मंग इज आली गल्लीत." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "माह्या घरी सून हाय, पोरगा हाय. म्हनून मले बिल दिसे."

पाच वर्षांपूर्वी गेलेल्या माझ्या सासऱ्यांची त्यांना आठवण आली असावी, कारण त्या उगीचच पदराला हात पुसत राहिल्या. मग उठल्या, चपला घातल्या आणि भरदुपारी सरळ समोरच्या ओट्यावर गेल्या. मी मागोमाग.

"गुरुजी!"

गुरुजी दचकून उभे राहिले. "काय वयनी?"

"आमच्या घरी या."

"काहून? काय झालं?"

"आमच्या मीटरवर दोन दिवे हायेत. पहिले सस्ते युनिट हायेत ते, महिना झाला का तसेच पडून राह्यते. कोनी वापरत नाई. तुमी एकटे अठी पंखा लावान तर तुमचा महागात जाईन. तो टेबलावरचा पंखा घेऊन आमच्याकडे या, सस्त्यात फिरन."

गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "वयनी, युनिट पडून राह्यत नाईत. जे जळलं नाई त्याचं बिलच येत नाई. तुमचा हिसाब साफ चुकला."

"चुकला तर चुकला. चालता का नाई?"

गुरुजींची दोन बोटं वर आली नाहीत. ते आत गेले, आणि बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, नाहीच येत आता. तेवढ्यात टेबलफॅन छातीशी कवटाळून ते बाहेर आले, वायर मागे फरफटत. तोंड धुतलेलं दिसत होतं. त्यांना तसं निघालेलं पाहून बळीरामबुवांनी रस्त्यातूनच विचारलं, "कोठी निघाले पंखा घेऊन?"

"गीताबाईकडे," गुरुजी म्हणाले. "त्याइचे सस्ते युनिट सडून राह्यले."

पुढे त्याची रीतच पडली. दुसऱ्या दिवशी शांताबाईनं निरोप धाडला, की माझ्याकडेही पडून आहेत. वानखडेची आई तर स्वतः येऊन म्हणाली, "मास्तर, माह्या घरी एकच दिवा हाय, सारे युनिट तसेच हायेत." सगळ्या गल्लीला एकाएकी चुकीचं गणित येऊ लागलं, आणि ते कुणाचंही गुरुजींनी तपासलं नाही. पंखा घेऊन ते निघाले की पोरंबाळं रस्त्यातून बाजूला व्हायची.

पण मला तो पहिला दिवसच आठवतो. त्यांनी पंखा आमच्या माजघरात ठेवला, त्याचं तोंड आत्याबाईंकडे आणि माझ्याकडे वळवलं, आणि स्वतः वाऱ्याबाहेर भिंतीला टेकून बसले. आत्याबाईंनी मेथीची भाजी आणि भाकर वाढली. ते सावकाश जेवले. मग म्हणाले, "एकट्यासाठी चूल पेटवाचा कंटाळा येते, वयनी."

"मले मालूम हाय."

मी ताट उचलून परत आले तर गुरुजी बसल्या जागी झोपले होते. टोपी कलली होती, तोंड जरासं उघडं. बाहेर ऊन तापलं होतं आणि आत दोघींची कामं पडली होती. त्यांना नीट आडवं व्हायला सांगावं म्हणून मी पुढे झाले.

आत्याबाईंनी माझा हात धरला. त्यांनी हळूच पंखा फिरवून गुरुजींकडे केला.

"राहू दे," त्या कुजबुजल्या. "घरात कोनी बोलून राह्यलं म्हन्जे झोप लागते. तू अन मी आपल्या बोलत बसू."

आणि आम्ही दोघी, काही बोलण्यासारखं नसतानाही, हलक्या आवाजात उन्हाळ्याच्या, वड्यांच्या, केनवडच्या माझ्या माहेरच्या गोष्टी करत बसलो, त्यांना जाग येईपर्यंत.