आट्यातली अंगठी

शेजारी काय चाललंय ते मी पाहत नाही. आमची खिडकीच त्यांच्या अंगणात उघडते. (ती बंद होत नाही, त्याला मी काय करू?) त्या खिडकीतून मला जहीर मेकॅनिक दिसला. मोटरसायकलच्या आरशात पाहून रुमाल झटकत होता. आपली अम्मी वारल्यापासून त्याची बायको अस्मा हसली नव्हती. रांधायची, वाढायची, स्वतः मात्र घासभर खायची नाही. तिला हसवायला हा मोबाइलवर जादू शिकत होता.

सल्ला द्यायचा म्हटलं की माझ्या पायात आपोआप चपला येतात.

"बाप्पा, रुमाल तं सारेच झटकते. तू मेकॅनिक हायस, तुह्या हातची जादू कर. आन् वस्तू तिच्या जिवाची पाहिजे."

त्याला पटलं, हीच पंचाईत. दुपारी त्यानं अस्माच्या पेटीतली अम्मीची अंगठी गुपचूप माझ्या हातात कोंबली. "काकू, मले गिऱ्हाईक आलं. हे आट्यात टाकून ठेवजा, वरून टाइट लावजा."

त्यांच्या घरी कणकीला आटाच म्हणतात. मी अंगठी त्यांच्या कणकीच्या डब्यात खुपसली, झाकण टाइट लावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात खेळ. जहीरनं भलामोठा बोल्ट उचलला, मंत्र म्हटला, नट फिरवून काढला. रिकामा.

"काकू, आट्यात टाकलती ना?"

"टाकली ना! झाकणही लावलं."

"बोल्टाले झाकण?"

"बोल्ट कायचा? आटा गव्हाचा!"

"मी बोल्टाचे आटे म्हणून राह्यलतो, काकू! आट्यात अंगठी, वरून नट टाइट!"

मी धावले. डब्यात कोपरापर्यंत हात घातला, शेवटी डबाच पालथा केला. अंगठी नाही. अम्मीची तेवढीच निशाणी होती.

अस्मानं दारात येऊन मूठ उघडली. अंगठी.

"सकाळी आटा चाळताना भेटली," ती हळूच म्हणाली. "मले वाटलं, अम्मीनंच पाठवली. दिवसभर तिच्याशीच बोलून राह्यलती."

मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"तिनंच पाठवली समज, बाई," मी कशीबशी म्हणाले. "हात तेवढा माहा होता."

तिनं माझ्याकडे पाहिलं. केसांपासून कोपरापर्यंत मी पिठानं पांढरीफटक. ती हसली. हसता हसता रडली, आणि मग ताट वाढून घेऊन जेवायला बसली.

"पाह्य, लागू पडला ना माहा सल्ला?" मी जहीरला म्हटलं.

शुक्रवारी परत खेळ आहे. जादू त्याला अजून येत नाही. मला मात्र अस्मानं पीठ लावूनच यायला सांगितलंय.