उपाशीपोटी यावे

अन्याय झाला तो रजियाचाचीवर. गेल्या सोमवारी, सकाळी सव्वानऊ वाजता. दस्तगीरचाचांच्या मोबाइलवर मेसेज वाजला: 'प्रिय दस्तगीरजी, आज आपली शुगर तपासणी आहे. उपाशीपोटी यावे.'

चाचांना जाऊन पाच महिने झाले. सुतारकामाचे फोन अजून येतात म्हणून चाची तो मोबाइल चालू ठेवते. आणि दर महिन्याला हा मेसेज आला, की दिवसभर जेवत नाही. "उपाशी कुणी जायचं बेटा? त्यांच्या वाटचं मीच राहते," म्हणाली.

मेसेज पाठवणारे आमच्या गल्लीतले आबा डॉक्टर. मयतीला सगळ्यांच्या आधी हजर होते हेच! म्हणजे ठाऊक नव्हतं, ही सबबही नाही.

दोन वर्षांपूर्वी आबांनी दवाखान्यात कॉम्प्युटर आणला. त्याला ते 'पावणं' म्हणतात. एका हातात पेशंटची नाडी, दुसऱ्या हाताचं एकच बोट कीबोर्डवर. पेशंट कण्हतोय आणि आबा 'ळ' शोधताहेत. चौकोन भरल्याशिवाय पावणं पुढं सरकत नाही, म्हणून ऐंशी वर्षांच्या माळकरी आक्काला हे विचारणार, "दारू पिता का?" आक्का चप्पल शोधायला लागली की दोन्ही हात वर: "मी न्हाय इचारत आक्का, पावणं इचारतंय!" तोवर बाहेर बाकावर वीस माणसं खोकतायत.

खरं ते सांगतो. पूर्वी आबांचं अक्षर लावायला मेडिकलवाला पळत यायचा. आता छापील चिठ्ठी मिळते. एकदा दोन गोळ्या एकमेकींशी जमत नाहीत म्हणून स्क्रीनवर लाल चौकट आली. आबांनी तिला शिव्या घातल्या आणि गुपचूप गोळी बदलली. एवढं पुण्य पावण्याच्या पदरात. पण मशीन आणलं म्हणून माणूस सुधारतो थोडाच!

मी गल्लीत रुग्णहक्कांची पत्रकं वाटतो; ती घेऊनच दवाखान्यात घुसलो.

"आबा, मेलेल्या माणसाला उपाशी बोलावता, लाज वाटत न्हाय?"

"मी न्हाय बोलावत. पावणं..."

"पावण्याला चाचा गेल्याचं कुणी सांगायचं? मी?"

आबा मागं टेकले. खुर्ची डावीकडं कलली. तिच्या पायाखाली औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून सारला होता. त्यांनी फाइल उघडली. वरच चौकोन: 'रुग्ण मयत? हो / नाही.' पाच महिने 'नाही'च.

"व्हय दाबलं की मेसेज बंद. पर फाइलबी कुलपात जाती. मला परत उघडत न्हाय."

"मग? चाचांची शुगर बघून आता काय करणार हाय तुम्ही?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. चाचांच्या शेवटच्या तपासणीच्या आकड्यांखाली, 'इतर नोंद' या चौकोनात, त्या एका बोटानं लिहिलेलं: 'खुर्चीचा पाय हलतोय म्हणाला. गुरुवारी येऊन ठोकतो म्हणाला. चहा बिनसाखरेचा मागितला.'

"छत्तीस वर्षं बोंबललो, ऐकलं न्हाय त्यानं," आबा म्हणाले. "त्या दिवशी ऐकलं."

मी विरघळलो नाही. चाची त्या दिवशी जेवत नाही, हे सांगितलं. ते मात्र त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. बोट 'हो'वर गेलं आणि तिथंच थांबलं.

"तू जरा हितं हुबा ऱ्हा की."

राहिलो. त्यांनी दाबलं.

तुमच्या घरातलं कुणी गेलं असेल, तर आजच त्याच्या डॉक्टरकडं जा. फाइल बंद करायला लावा. आणि बटण दाबून होईपर्यंत तिथंच उभे राहा. एकट्याला दाबायला लावू नका.