नऊ गावांची दाढ

आमच्या तालुक्यात दात भरायच्या सिमेंटची ताकद वाढवण्याचं ठरलं, त्याला थोडा मीही कारणीभूत आहे. ग्रामीण रुग्णालयात दाढ दाखवायला गेलो असता डॉक्टर मृणालीताईंना मी भीत भीत म्हणालो, की या सिमेंटात खनिजाची बारीक पूड मिसळली तर ते मजबूत होतं, असं वाचल्यासारखं वाटतं. पुस्तक कदाचित दुसरंच असेल.

"बरोबर आहे काका. पण दहा टक्क्यांपर्यंतच. पुढे ते ठिसूळ होतं."

शेजारच्या खुर्चीत आरोग्य समितीचे अध्यक्ष गुणाजीनाना तोंड उघडून बसले होते. त्यांनी ते मिटलं.

"मंग पूड आपल्याच गावांची घ्या. कोलीवाड्याच्या शिंपल्या हायत, मिठागरातलं मीठ हाय."

"नाना, मीठ विरघळतं," मृणालीताई म्हणाल्या.

"हे मिठागरवाल्यांना तू सांगशील का मी सांगू?"

समितीत नऊ गावं होती. प्रत्येक गावाने दहा टक्क्यांची शास्त्रीय मर्यादा काटेकोर पाळली. शिंपल्या, मीठ, जांभ्या दगडाची भुकटी, खाडीचा गाळ असं करत नव्वद टक्के भरलं. उरलेल्या दहांत सिमेंट, 'इतर' या रकान्यात.

पहिला नमुना माझ्या दाढेत बसला. चावायला माझी तेवढी एकच दाढ उरली आहे. पण नाही म्हणायला मला जरा वेळ लागतो, आणि सिमेंट लवकर सुकतं.

चाचणीला श्रीवर्धनची सुपारी आणली होती. सिमेंटचा चुरा झाला. सुपारी अप्रमाणित ठरवून दाढ पुन्हा भरण्यात आली. मग भात. मग नुसती पेज. पेजेत मिठागरांचा वाटा विरघळला. अखेर परिपत्रक निघालं, की सिमेंटची ताकद त्यावर कोणताही भार नसताना मोजावी. या निकषावर ते अभेद्य निघालं.

"काका, काही चावू नका," मृणालीताई हळूच म्हणाल्या. "बोलूही नका. दाढेची नुसती कड उरली आहे. जीभ लागली तरी सिमेंट दाढेसकट निघेल."

'पहिल्यासारखं साधं सिमेंट?' मी कागदावर लिहून दाखवलं.

"मंगळवारच्या सभेत एकाने जरी हरकत घेतली, तर योजना थांबेल. त्याच दिवशी साधं भरून देते. मंजूर झाली, तर हेच कायम. आणि हरकत तोंडीच घ्यावी लागते हं."

मंगळवारी नानांनी विचारलं, "कुनाची हरकत हाय?"

मी उभा राहिलो. बोललो तर दाढ जाणार, न बोललो तर जेवण. म्हणून मी आशेने सत्यवतीबाईंकडे पाहिलं. मासळीच्या लिलावात त्यांचा आवाज खाडीपलीकडे जातो. त्या गालाला हात लावून, ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. शेजारचे सरपंचही. मागची अख्खी रांगही. व्यासपीठावर मृणालीताईसुद्धा.

मी बसलो. ठराव एकमताने मंजूर झाला.

आपणही इथवर आलात आणि अजून काही बोलला नाहीत. कोणती दाढ?