पाठीतलं पाणी

ऐन मे महिन्यात, स्वतःच्याच साखरपुड्यात, जाड शेरवानी घातलेला फैझान स्टेजवर चक्कर येऊन कोसळला. कुणीतरी तत्परतेने त्याच्या नाकाला चप्पल लावली आणि निदान झालं: फिट. इतक्या झटपट निदान करणारं इस्पितळ रत्नागिरीत अजून निघालेलं नाही.

नवरीचे, म्हणजे मनालचे वडील रमजानभाई कुवेतला क्रेन चालवून परतलेले. आता घरबसल्या मोबाइलवर वैद्यकशास्त्र करत. पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात ठरावीक प्रोटीनं सापडली की फिटचा आजार ओळखता येतो, असं त्यांनी वाचलं. यावर अजून संशोधन चालू आहे, हेही तिथेच लिहिलं होतं; पण इतक्या खालपर्यंत वाचायला वेळ कुणाला असतो? पाणी तपासल्याशिवाय निकाह नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

फैझानच्या आईने, मासूमाभाबींनी, तपासणीत प्रोटीन कमी पडू नये म्हणून मुलाला आठवडाभर अंडी आणि बांगडे चारले.

डॉक्टरीणबाई पुण्याहून नव्याच आलेल्या. ती प्रोटीनं अजून प्रयोगशाळेतच आहेत, त्यासाठी कुणाच्या पाठीत सुई खुपसत नाहीत, असं त्यांनी परोपरीने समजावलं. मनालपायी पाठ उघडी टाकून पालथा पडलेला फैझान मुकाट्याने उठून शर्ट घालू लागला. बाईंनी मेंदूचा आलेख काढला, नीट तपासलं आणि फोनवर कळवते म्हणाल्या.

फोन आला तेव्हा दोन्ही घरं रमजानभाईंच्या पडवीत जमली होती. रमजानभाईंनी स्पीकर लावला. बाई सविस्तर सांगू लागल्या.

"ता ऱ्हावदे. एका शब्दात सांगा. पोरगा फिट आहे का नाय?"

"फिट आहे," बाई म्हणाल्या. "शंभर टक्के."

रमजानभाईंनी तिथल्या तिथे सोयरीक मोडली. फैझानच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात मनाल आतून बाहेर आली.

"असूदे फिट. औषधं असतात त्याला. मी निकाह ह्याच्याशीच करणार."

हे ऐकून रमजानभाई खुर्चीवरून जे घसरले ते थेट जमिनीवर. धडधाकट माणसालाही फिट म्हणतात, हे बाई फोनवरून ओरडून सांगत होत्या; पण ज्यांना सांगायचं ते डोळे पांढरे करून पडले होते.

रमजानभाई शुद्धीवर आले तेव्हा मासूमाभाबी त्यांना पदराने वारा घालत होत्या.

"रमजानभाई," त्या अदबीने म्हणाल्या, "सोयरीक करायची तर आमाला पण बगायला पायजे. पाठीतलं पाणी कधी देताय?"

निकाहची तारीख चहा यायच्या आत ठरली.