सूक्ष्मनिसांच्या झगझगीत पेशींची हकीकत

अदृश्यास दृश्य करी त्या तेजास नमन करोन लिहितों. शके १९४१, विकारी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस दरबारी जें घडलें तें ऐसें. राज्यांत विसाजीपंत सूक्ष्मनीस म्हणोन थोर पुरुष, सूक्ष्मदर्शकाचा अवघा कारभार त्यांचे हातीं, आणि आम्ही त्यांचे पदरचे लेखक. जिवंत पेशी पाण्याऐसी नितळ, डोळ्यांस दिसों न ये. तीस पंतांनी चकाकता रंग पाजावा, वरी निळा उजेड सोडावा, आणि अंधारांत ती काजव्याऐसी उजळोन दाखवावी. मग ही विद्या त्यांनी मैनाबाई हंबीरे यांस शिकविली आणि तेथेंच घात जाहला, कां कीं गेल्या दरबारीं बाईंनी दाखविलेलें पेशींचें चित्र पाहोन महाराजांनी त्यांस शेला दिधला. पंतांचा शेला तों जुना, कसर लागलेला. पंतांचे अंगाचा तिळपापड जाहला आणि आमचाही जाहला. धन्याचा मान गेला तर चाकरास कोण पुसतो?

मग महाराजांनी हुकूम फर्माविला कीं पंचमीस दोघांनी आपापल्या पेशी भिंतीवर दाखवाव्या, ज्याचें काम सरस त्यास अंधारकोठीची किल्ली. थोरला सूक्ष्मदर्शक त्याच कोठींत, आणि किल्ली गेली तर सूक्ष्मनीस नांवाचाच. पंतांनी पडद्याआडोन बाईंचें काम पाहिलें, तों पेशी फिकट, वरणांत हळद घालावयाची राहिली ऐशा. पंतांस परम संतोष जाहला आणि आम्हीं पेढे खाल्ले. मग पंतांनी आपल्या पेशींस रंग दुप्पट पाजिला, आणि उजेड वाढविला, आणि तरी मन भरेना म्हणोन आणीक वाढविला. आम्हीं भीत भीत पुसिलें कीं पेशींस सोसेल काय, तों पंत बोलिले, बाईपेक्षां उजळ दिसल्या म्हणजे जाहलें.

पंचमीस दरबार भरला. पंतांच्या पेशी ऐशा झगझगल्या कीं मानकऱ्यांनी डोळ्यांवर हात धरिले आणि वाहवा केली. मग त्याचे शेजारीं बाईंचें चित्र लागलें. अंधुक. बाई क्षणभर उजेड सोडीत आणि पुन्हा झांकीत, आणि अवघे जांभया देऊं लागले. इतक्यांत एक पेशी कमरेंत आवळली, आंतील उजळ दोरे दोहींकडे ओढले गेले, आणि एकीच्या दोन जाहल्या. अवघे जांभया टाकोन पुढें सरसावले. मग महाराज पंतांस म्हणाले, "पंत, आपल्या पेशी हालत कां नाहींत?"

पंतांनी भिंतीवरील आपल्या चित्राकडे पाहिलें. पेशी फुगोन गोल जाहल्या होत्या. मेलेली पेशी रंग अडवीत नाहीं, पोटभर पिते, म्हणोन सर्वांहून उजळ दिसते. हें ज्ञान राज्यांत प्रथम पंतांसच होतें, आणि मत्सरापायीं त्यांसच आठवलें नाहीं.

किल्ली बाईंस मिळाली. दरबार उठला तेव्हां पंतांनी जवळ जाऊन हळूच पुसिलें, "बाई, इतक्या थोड्या उजेडांत पाहावें, हें तुम्हांस सुचलें कैसें?"

बाई नमस्कार करोन म्हणाल्या, "पहिल्या दिवशीं आपणच सांगितलें होतें, पंत. जिवंतास फार उजेड सोसत नाहीं."

तात्पर्य, किल्ली गेली याचें दुःख पंतांनी गिळिलें. परंतु वाक्य आपलें आणि यश तिचें, हें त्यांस अद्याप गिळवत नाहीं, आणि आम्हांसही नाहीं. जाहलें तें ऐसें जाहलें.