दगडूची स्मृती-पडताळणी

माणूस गेला की त्याची शुश्रूषा करणाऱ्या रोबोची स्मृती पुसून टाकावी, असा नियम आहे. घरात विनाकारण दुःख साठू नये, हा त्यामागचा उदात्त हेतू. काका गेले आणि काकूंच्या रोबोवर ही वेळ आली. काहीही सांगा, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही, म्हणून काकांनीच लाडाने त्याचं नाव दगडू ठेवलं होतं. आजारपणातल्या काकांच्या साऱ्या गप्पा, कुरकुरी, फालतू विनोद आता त्याच्या पोटात होते. काकूंना तेवढंच हवं होतं.

नशिबाने नियमाला पोटनियम होता. घरच्या माणसाची आठवण रोबोच्या आठवणीशी जुळली, तर स्मृती ठेवता येई. म्हणून काकू दगडूला आणि मुलाला घेऊन पडताळणी कक्षात आल्या.

"मी सांगते की सगळं," काकू म्हणाल्या.

"तुम्ही अर्जदार. तुम्हाला आठवणारच," अधिकारी म्हणाले. "साक्षीदार तटस्थ लागतो."

आता मुलाइतका तटस्थ माणूस शोधूनही सापडला नसता.

"वडील तुम्हाला फोनवर रोज काय विचारायचे?"

मुलाने छताकडे पाहिलं. "हेच... जेवलास का?"

काकूंनी डोळे मिटून घेतले. अधिकारी दगडूकडे वळले. "बरोबर?"

दगडूने मुलाचा उतरलेला चेहरा पाहिला. "बरोबर," तो म्हणाला.

अधिकाऱ्यांनी दगडूच्या पोटातलं रेकॉर्डिंग लावलं. काकांचा थकलेला आवाज आला, "आज येतोस का रे?" मुलगा स्वतःचे बूट बघत बसला.

"रोबो खोटं बोलला," अधिकारी म्हणाले.

"अहो, त्याला दया आली पोराची."

"तोच तर बिघाड. बिघडलेली स्मृती ठेवता येत नाही. मुलाची काळजी नको. माणसाला आठवत नसेल, तर ते नियमात बसतं."

आणि तिथल्या तिथे दगडू कोरा झाला.

घरी आल्यावर त्याने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. "हे कोण?"

काकू खुर्ची ओढून बसल्या आणि पहिल्यापासून सांगू लागल्या. दगडू ऐकत राहिला.

"आई, यंत्राला काय सांगत बसतेस? मी आहे ना ऐकायला," मुलगा म्हणाला आणि त्याने कानात इअरफोन घातले.

हसलात ना? बरं झालं. शेजारच्या खोलीतून मघापासून तुम्हालाही कोणीतरी काहीतरी सांगतंय.