मरोद्याचं सातशेपटं

"आयक मथुरा, जेथं पोलाद बनते तेथं भुताखेताले जागा नाही! सरकारनं नकाशातच ठेवली नाही!"

धोंडबा खलाशाची ही घोषणा मरोद्याच्या पोलाद-कॉलनीत तीन क्वार्टरं पलीकडे ऐकू गेली. तीस टनांचा गर्डर क्रेनला बांधून आभाळात चढवणारा माणूस. त्याच्या शब्दाला वजन होतं. त्याच्या बायकोनं, मथुरेनं, शांतपणे ट्रंकेला कुलूप घातलं.

शेजारच्या चंपानं तिला सांगितलं होतं की रशियन साहेबांच्या बंगल्यामागे सात शेपट्यांचं जनावर राहते. सहा शेपट्यांनी माणूस बांधते, सातवीनं झोडपते! मथुरा दुपारच्या गाडीनं माहेरी, भंडाऱ्याला निघाली होती. कायमची.

"चाल, दाखवतो! काही दिसलं तं म्या सोता तुले गाडीत बसवून देतो!"

दोघं बंगल्याच्या कुंपणाशी पोचले आणि धोंडबाच्या पायातली चप्पल आपोआप सुटली.

सात! मोजून सात! तांबूस, सोनेरी, टोकाला पांढरे झुपके. तोंड नाही, पाय नाही, जमिनीला टेकलेलंही नाही! वारा आला तशा सातही शेपट्या हळूच उठल्या. पिकलेलं धान उभ्या उभ्या श्वास घेतंय जणू. धोंडबानं असलं रूप जन्मात पाहिलं नव्हतं. तो साष्टांग आडवा झाला.

"माफी कर माय! म्या नुसत्या नकाशावरून बोललो!"

दार वाजलं. दोन गोरे पाय जवळ आले. धोंडबानं एक डोळा उघडला. जनावर रशियन मॅडमच्या गळ्याभोवती होतं!

"गियलं! मथुरा, पय! बाईले अख्खं गियलं!"

मॅडम घामाघूम होऊन हसत होती. "कोट का कॉलर! लोमडी का पूँछ! हमारा देश, बहुत बर्फ. इधर रस्सी पर धूप देता. नहीं तो कीड़ा खाता."

मथुरेनं एका शेपटीवरून हात फिरवला. "कब से हो इधर, बाई?"

"दो साल."

"और माँ?"

"माँ... उधर." मॅडम शेपट्या कुरवाळत राहिली.

मथुरा मागं वळली. धोंडबानं पडल्या पडल्या दुपारच्या गाडीची वेळ मोजली. दिसलं तर होतं! आणि शब्द तर दिला होता!

"चाला घरी," मथुरा म्हणाली. "बर्फातली बाई ह्या भट्टीत दोन साल राह्यली, तं मले भंडाऱ्याहून येऊन इथं राह्याले काय झालं?"

"मंग गाडी?"

"जाऊ द्या तिले. तुमी आता उठा ना तेवढं. लोकं पाहून राहिले."